सरकीचा उजवा पंजा

माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लोकांनी लावलं, सरकारनं कधीच लावलं नाही. सरकारी कागदावर मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे गुरांना लसी टोचायच्या, गोऱ्हे खच्ची करायचे, वाढलेली खुरं छाटायची आणि काही अवघड आलं की खऱ्या डॉक्टरांची वाट पाहायची. आमच्या डॉक्टरांकडे दोन दवाखान्यांचा चार्ज होता, त्यामुळे देवळी तालुक्यातल्या आमच्या गावी ते आठवड्यातून दोनच दिवस यायचे. उरलेले दिवस मी त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसायचो आणि कोणी 'डॉक्टर साहेब' म्हटलं की ओ द्यायचो. सुरुवातीला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. वर्षभरात ते गेलं आणि मी स्टूल सोडून खुर्चीत बसू लागलो.

दिवाळी अंकात लिहायचं म्हटल्यावर माझ्याजवळ मिरवण्यासारखं काही नाही असं नाही. लाळ्या-खुरकुताच्या साथीत मी महिनाभर सायकलवर गावं पालथी घातली आहेत. पोटात आडवं आलेलं वासरू खांद्यापर्यंत हात घालून सरळ केलं आहे आणि त्या गाईनं उठल्या उठल्या मला लाथ घातली तीही हसत खाल्ली आहे. हे सगळं मी निवृत्तीच्या भाषणात सांगितलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण आंघोळ करताना, स्कूटर चालवताना मधेच जे आठवतं आणि तोंडातून आपोआप 'शी!' निघतं, ते यातलं काहीच नाही. ते एका मांजरीचं आहे. आजवर मी ते एकाच माणसाला सांगितलं. आता दुसऱ्यांदा सांगतो आहे.

त्याआधी वासराची शिंगं कशी बंद करतात ते सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळायची नाही. संकरित गाईंना शिंगं नसलेली बरी, एकमेकींना भोसकत नाहीत. वासरू दहा-पंधरा दिवसांचं असताना कपाळावर शिंगाची नुसती गाठ लागते. तिच्याभोवतीचे केस कापायचे, कडेनं व्हॅसलिन लावायचं, आणि कॉस्टिकची कांडी जराशी ओली करून त्या गाठीवर घासायची. जहाल असते ती कांडी, उघड्या बोटानं धरली तर आपलीच कातडी जाते. रक्ताचा ठिपका दिसला की थांबायचं. शिंगाचं मूळ जळतं आणि मग ते शिंग जन्मात येत नाही. यात माझा हात बसला होता. ट्रेनिंगच्या वेळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. पुढे कितीतरी वासरांची शिंगं मी अशी बंद केली, एकाही वासराला जखम चिघळली नाही.

गोष्ट त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातली. नाचणगावच्या विमलकाकू वायरच्या पिशवीत एक मांजर घेऊन दवाखान्यात आल्या. पिशवीवर टॉवेल बांधलेला, त्यातून एक कान बाहेर. काकू पन्नाशीच्या आसपासच्या, गळ्यात तुळशीची माळ, चालताना पायाखाली मुंगी आली तर पाऊल उचलून पलीकडे टाकणाऱ्या. त्यांचे यजमान वसंतराव यांचं साड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर.

"डॉक्टर साहेब, तुमी मांजरीले पाह्यता का जी?"

"काऊन नाई पाह्यत? काय झालं तिले?"

"तिले काई नाई झालं. तिच्यापायी दुकानाचं होऊन राह्यलं."

मांजर करड्या-पांढऱ्या रंगाची होती, सरकीवर कापसाचे तंतू चिकटून राहावेत तशी. म्हणून नावच सरकी. काकूंच्या मुलीनं, लतानं, ती शेजारच्या बदली झालेल्या मास्तरांकडून मागून आणली होती. त्या वर्षी लताचं लग्न झालं, ती यवतमाळला गेली आणि मांजर आईच्या हवाली करून गेली. दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायची तेव्हा आईच्या तब्येतीच्या आधी 'सरकी कशी हाय?' विचारायची. आणि सरकी दुकानात जाऊन शालूंच्या गठ्ठ्यावर नखं घासायची. गिऱ्हाइकासमोर पदर उलगडला की धागे लोंबताना दिसायचे.

मी तोवर मांजरीला हात लावला नव्हता. दवाखान्यात मांजर येतच नसे. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला 'मले येत नाई' म्हणणं जड जातं. खुरं छाटायच्या सवयीनं मी तिची नखं खटाखट कापली. दोन नखांतून रक्त आलं. ती किंचाळली, मी तिलाच रागावलो आणि पोटॅशची पूड दाबून रक्त थांबवलं. पंधरा दिवसांत नखं पुन्हा आली आणि पुन्हा एक शालू गेला.

या वेळी काकूंना आणि मांजरीला घेऊन वसंतराव स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण लग्नसराई तोंडावर होती.

"मले तिले मारता येत नाई अन् नदीपार सोडून देतो म्हटलं तं ही जेवत नाई," काकूंकडे बोट दाखवत ते म्हणाले. "आता तुमीच कायमचा बंदोबस्त करा साहेब. नाई तं मी सोडून येतो, मंग जेवो का न जेवो."

असं म्हणून त्यांनी टेबलावर एक शर्टपीस ठेवला. मी 'कायले, कायले' म्हणत तो खणात सरकवला. काकू माझ्याकडे पाहत होत्या. मांजर घरात राहणार की नदीपार जाणार, हे आता माझ्यावर होतं, आणि मला त्याचं ओझं वाटायचं सोडून चक्क बरं वाटत होतं.

माझ्या डोक्यात आलं, नख म्हणजे तरी काय, शिंगाचीच जात. मुळाशी कांडी फिरवली की संपलं.

आमच्याकडे शेषराव म्हणून जुने परिचर होते. जनावर धरणं, पट्टी बांधणं ही त्यांची कामं. त्यांनी माझ्या हातात कांडी पाहिली आणि मांजरीचा पंजा बोटांनी दाबला. नख बाहेर आलं. सोडला, आत गेलं.

"साहेब, शिंग कवा आत जाते का? हे आत जाते, बाहीर येते. हे जितं हाय."

"शेषराव, ट्रेनिंग तुमी घेतलं का मी?"

"मी धरत नाई मंग," म्हणून ते हात पुसत बाहेर जाऊन बसले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणालाही 'धरत नाई' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तरी मी थांबलो नाही. काकूंना बाहेर बसवलं, बैलाच्या डोसाचा अंदाजानं हिस्सा काढून गुंगीची सुई दिली, सरकीला पोत्यात गुंडाळलं आणि उजवा पंजा बाहेर काढला. एकेका बोटाचं नख मुळापर्यंत कापायचं आणि कांडी घासायची. पाच बोटं झाली तेवढ्यात तिची गुंगी उतरू लागली. तिनं जो आवाज काढला तो मी इथं लिहीत नाही. डावा पंजा पुढच्या आठवड्यात करू म्हणून मी पोतं सोडलं.

"काई नाई काकू, केस कापल्यावानी हाय. दोन दिवसात बसते."

दोन दिवसांनी काकू पुन्हा आल्या. पिशवी छातीशी धरलेली. पंजा सुजून लिंबाएवढा झाला होता, पण काकूंची तक्रार त्याची नव्हती.

"खात नाई जी. पानी बी नाई पेत. तोंडातून नुसती लाळ गळून राह्यली."

मी तिचं तोंड उघडलं. जिभेचं टोक पांढरं पडलं होतं, साल निघालेलं. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. वासराला स्वतःच्या कपाळाला जीभ लावता येत नाही. मांजर दिवसभर काय करते? पंजा चाटते. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी तिच्या पंजाला जहर लावून तिला घरी पाठवलं होतं.

तेव्हा मी खरं बोललो असतो तर ही आठवण लिहिण्याइतकी मोठी झाली नसती. चूक माणसाच्या हातून होते. पण काकू समोर उभ्या होत्या, खिडकीतून शेषराव पाहत होते, आणि मी खुर्चीत होतो. माझ्या तोंडून निघालं,

"पाल खाल्ली असन हिनं. पालीचं विष हाय हे."

काकूंचा चेहरा उतरला. "हाव जी, मागच्या खोलीत लय पाली हायेत. मीच पाह्यलं नाई. लतीनं माया भरोशावर देल्ली अन् मी पाह्यलं नाई." आणि त्या तिथंच बाकावर बसून रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. बाई, रडू नका, हे तुमचं नव्हे, माझं आहे, एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी पाण्याचा गडू पुढं केला आणि वर म्हणालो, "आता लक्ष ठेवजा."

नशिबानं दुसरा दिवस डॉक्टरांचा होता. ते मराठवाड्याकडचे, कमी बोलणारे. त्यांच्यापुढंही मी पालच सांगितली, काकूंच्या देखत. त्यांनी जीभ पाहिली, पंजा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. पंजा कितीतरी वेळ पाण्यानं धुतला. लाळ्या-खुरकुताच्या गुरांसाठी ठेवलेलं बोरोग्लिसरीन बोटानं तिच्या जिभेला लावलं, ड्रॉपरनं थेंब थेंब दूध पाजायला शिकवलं. पंजा चाटू नये म्हणून साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा गोल कापून गळ्यात घालायला सांगितला. काकू गेल्यावर एवढंच विचारलं,

"पालीनं पंजा भाजतो का हो?"

मी खाली पाहिलं. ते म्हणाले, "रोज ड्रेसिंगला तुम्हीच जायचं. आणि त्या बाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी मला त्या दिवशी मांजरीचा पंजा शिकवला. नख हाडाला धरून असतं, बोटाच्या शेवटच्या हाडाचाच तो भाग म्हणा. उजेडात धरलं तर आत गुलाबी रेघ दिसते, ती जिवंत. तिच्या पुढचं नुसतं टोक कापायचं. मांजर नखं घासते ती खोड म्हणून नाही. वरचं जुनं टरफल काढते, अंग ताणते, ही जागा माझी म्हणून खूण ठेवते. नखं कापली तरी घासणं थांबत नाही. "तिला शालूपेक्षा बरं वाटेल असं काहीतरी घासायला द्या," ते म्हणाले. झालं, एवढंच होतं. ज्याच्यासाठी मी कांडी काढली त्याचा इलाज एक लाकूड होतं.

मी बाभळीचा ओंडका आणला. त्याला तुरीच्या पोत्याचं तरट सुतळीनं घट्ट गुंडाळलं. मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढा उंच, आणि हलू नये म्हणून खाली जड पाट ठोकलेला. डुगडुगतं लाकूड मांजर एकदाच वापरते. तो आधी शालूंच्या गठ्ठ्याला लागूनच उभा केला, कारण तिची जागा ती होती. शालूंवर प्लास्टिक टाकलं. पंजा सावरल्यावर एका सकाळी तिनं तरट हुंगलं आणि डाव्या पंजानं घासायला सुरुवात केली. मग दर दोन-चार दिवसांनी ओंडका वीतभर मागे सरकवत आम्ही तो दुकानातून मागच्या खोलीत नेला. पुढं पुढं तरट फाटलं की वसंतरावच दुकानाच्या गाठोड्याचं नवीन तरट काढून स्वतः गुंडाळायचे आणि गिऱ्हाइकांना दाखवायचे, "हे आमच्या सरकीचं सामान."

सरकी वाचली. पण उजव्या पंजाची दोन नखं कायमची गेली आणि एक वाकडं आलं. ते वाकडं नख वाढलं की वळून तळव्याच्या गादीत शिरायचं. दर तीन आठवड्यांनी कापावंच लागे. ते काम मी घेतलं आणि ती असेपर्यंत केलं. माझी बदली झाली, पुढं पिपरी मेघेला घर बांधलं, तरी तिसऱ्या आठवड्याला नाचणगावला जायचोच. बायकोला वाटायचं, तिथं माझं काही नातं आहे. आपला साधा नेलकटर, सरकी जेवून सुस्तावलेली, काकूंची मांडी, अंगावर त्यांच्या जुन्या पातळाचा तुकडा. बोट हळूच दाबायचं, नख बाहेर आलं की टोक कापायचं, सोडून द्यायचं. रागात असली तर एवढं एकच नख कापून उठायचं. तिला धरून ठेवायचं नाही, हे मला शेषरावांनी सांगितलं होतं. ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागायला दोन महिने गेले होते.

माझ्या गाडीचा आवाज आला की सरकी गव्हाच्या कोठीमागं जाऊन बसायची. काकू तिलाच रागवायच्या. "अवं, ज्यानं तुले वाचोलं त्यालेच भेते का?" त्या घरात मला ओळखून होती ती सरकीच.

काकूंनी माझा एवढा गवगवा केला की मी मांजरीचा डॉक्टर म्हणून प्रसिद्ध झालो. पुलगावहून एकजण पोपट घेऊन आला, त्याची चोच वाढली होती. एक बाई मांजर घेऊन आल्या, ती शेजारणीकडचं दूध पिते, तर तिची ती सवय मोडा म्हणाल्या. मी म्हटलं, शेजारणीले झाकण ठेवाले सांगा. त्या नाराज होऊन गेल्या. आणि एक पाहुणे आले, घरात नवीन सोफा घेतला होता, मांजराची नखं कायमची काढून टाकता का म्हणाले. त्यांच्यावर मी असा ओरडलो की बाहेर गाई घेऊन उभी असलेली माणसं आत डोकावली. ते गृहस्थ बिचारे घाबरून निघून गेले. माझा राग त्यांच्यावर नव्हता हे त्यांना कसं कळावं?

हे सगळं मी सोसू शकलो असतो. कौतुकाचीही सवय होते. पण त्या घरात दुसरं एक चालू होतं.

पहिल्या वर्षी काकूंनी मागच्या खोलीतली भोकं बुजवली. मग केरसुणी घेऊन पाली हाकलायला लागल्या. हाकललेली पाल परत येते. एकदा मी नख कापायला गेलो तेव्हा त्या सुपलीत काहीतरी घेऊन परसाकडे चालल्या होत्या. मेलेली पाल होती. परत येऊन त्यांनी साबणानं हात धुतले, देवापुढं दोन मिनिटं बसल्या, आणि मग मला चहा टाकला. "काय करू जी, हिच्या जिवापाई करा लागते." पुढं ते नेहमीचंच झालं. मी गेलो की आधी हिशेब द्यावा तसं सांगायच्या, "या खेपेले एकबी नाई दिसली." मी मान हलवायचो. दर तीन आठवड्यांनी मी पायरी चढताना ठरवायचो, आज सांगायचं. आणि चहा पिऊन उतरायचो.

सरकी दोन हजार सहाच्या हिवाळ्यात गेली, म्हातारी होऊन, उन्हात झोपल्या जागी. लता यवतमाळहून आली. परसात, बाभळीच्या ओंडक्याशेजारी तिला पुरलं. मी आठवड्यानं गेलो. नेलकटर सवयीनं खिशात होता. वसंतराव दुकानात होते, काकू मागच्या खोलीत गहू निवडत बसलेल्या. आता मला तिथं यायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि न सांगता उतरलो तर पुन्हा ती पायरी चढणार नाही हे मला ठाऊक होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कांडी, पोतं, जीभ. शर्टपीसही सांगितला.

काकूंचे हात सुपात थांबले होते.

"मंग पाल नोती?"

"नोती, काकू."

मग त्या गहू तसेच बोटांनी इकडून तिकडे करू लागल्या. मी वाट पाहत होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, सूप फेकून मारावं, काहीही करावं. त्या रडल्या नाहीत. माझ्याकडे पाहून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"सरकीचं मी धरत नाई डॉक्टर साहेब. तिचं तुमी तेरा वर्सं केलं, मी पाह्यलं हाय. पर मी माळकरी बाई. तुमच्या एका बोलण्यावर तेरा वर्सं मी पाली मारल्या. त्याईनं काय केलं होतं?"

त्यांच्याकडे पाहवेना म्हणून मी वर पाहिलं. ट्यूबलाईटच्या मागं, जिथं आपल्या सगळ्यांच्या घरी एक तरी पाल चिकटलेली असते, तिथली भिंत नुसती पांढरी होती.